मिशनची शाळा आणि दाखल्याचा प्रश्न

जून महिना उजाडला कीं गांवोगांवच्या शाळांच्या दारांशीं पालकांची गर्दी लोटते. कोणाच्या हातीं जन्माचा दाखला असतो, कोणाच्या हातीं आधींची शाळा सोडल्याचा. आणि शाळा एखाद्या चर्चच्या आवारांतली असेल तर कांहीं मुलांच्या कागदांत आणखी एक चिठी निघते, ती स्नानसंस्काराची. ही चिठी असलेल्या मुलास अगोदर घ्यावें काय, आणि ती नसलेल्यास मागें ठेवावें काय, हा प्रश्न दिसावयास लहान. परंतु त्याच्या पोटीं धर्म, कायदा, जात आणि पैसा या चारही गोष्टी दडून बसलेल्या आहेत. मराठी मुलखांत हा प्रश्न नीट उमजून घ्यावयाचा तर मुंबई-पुण्याकडे पाहण्यापेक्षां जालन्याकडे पाहणें अधिक बरें. शाळेच्या दारापायीं ज्याचें स्वतःचें घर फुटलें, अशाच एका गृहस्थानें पुढें तेथें शाळेचें दार निराळ्या रीतीनें उघडलें.

प्रथम शब्दांचा घोळ थोडा निस्तरला पाहिजे. शहरांतील सुशिक्षित घरांतून कोणत्याही इंग्रजी शाळेस सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणण्याची चाल पडली आहे; मग तेथें एकही धर्मभगिनी राहात नसो. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. मिशनची शाळा म्हणजे धर्मप्रसारासाठीं आलेल्या मंडळींनीं परक्या लोकांत काढलेली शाळा. आणि कॅथलिक पंथांत तिसराच एक प्रकार आहे. एका देवळाभोंवतीं राहणाऱ्या भाविकांचा जो समुदाय, त्याला वसईकडील ख्रिस्ती लोक 'धर्मग्राम' म्हणतात. या धर्मग्रामाची स्वतःची अशी प्राथमिक शाळा असते. मिशनच्या शाळेचें तोंड बाहेरच्यांकडे, तर धर्मग्रामाच्या शाळेचें तोंड मुळांत आपल्याच लेंकरांकडे, असा हा भेद आहे.

धर्मग्रामाच्या शाळेचा हा आपलेपणा केवढा कडक होता याची कल्पना अमेरिकेतील एका ठरावावरून येते. १८८४ सालीं बाल्टिमोर शहरीं तेथील बिशपांची तिसरी मोठी परिषद भरली. प्रत्येक देवळाजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा उभी राहिली पाहिजे, असें तिनें फर्मावलें. आयर्लंड, जर्मनी, इटली अशा देशांतून पोटासाठीं आलेल्या कॅथलिक मजुरांचीं मुलें सरकारी शाळांत गेलीं तर तेथील प्रॉटेस्टंट वळणांत मिसळून जातील, हें त्या ठरावाच्या मुळाशीं असलेलें भय होतें. १९१७ च्या धर्मसंहितेनें तर कॅथलिक मुलांनीं बिनकॅथलिक शाळांत जाऊंच नये, गेल्यास स्थानिक बिशपांच्या अनुज्ञेनें जावें, असा दंडक घालून दिला. शाळा ही अशा वेळीं कुंपण होते. कुंपणाआंत कोण, हें ठरविणें म्हणजेच दाखल्याचें धोरण.

आतां जालन्याकडे वळूं. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या काळच्या व्यापारावरून पडलेली आहे. जालना जिल्हा असा निराळा झाला तो १९८१ च्या मे महिन्यांत. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांत विभागलेला होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. ज्या असईच्या मैदानावर १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांचा मोड झाला, तें गांव याच जिल्ह्यांत आहे. आणि पुढें जालन्यास इंग्रजांच्या हुकमतीखालील हैद्राबादी फौजेची छावणी बसली. छावणीच्या मागोमाग पाद्री येतात, हा त्या काळचा नित्याचा क्रम होता. परंतु जालन्यास ज्याचें नांव झालें तो पाद्री गोरा नव्हता. तो नारायण शेषाद्रि नांवाचा मराठी बोलणारा ब्राह्मण होता.

नारायण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकला. ही शाळा म्हणजे पुढील विल्सन कॉलेजचें मूळ होय. डॉक्टर जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट यांसारखे विद्वान् तेथें शिकवीत. फी माफक, जातीची आडकाठी नाहीं, इंग्रजी उत्तम. आणि बायबल सर्वांस सक्तीचें. शिक्षण हें साधन आणि धर्मांतर हें साध्य, हें त्या मंडळींनीं कधीं लपविलें नाहीं. पालकही तें जाणून होते. परंतु इंग्रजीच्या लोभानें मुलें पाठवीत आणि आपला मुलगा कांहीं बाटत नाहीं असें मनाशीं म्हणत. १८३९ सालीं याच शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पारशी समाजांत हलकल्लोळ उडून पारशांचीं मुलें शाळेंतून भराभर काढलीं गेलीं. १८४३ च्या सप्टेंबरांत नारायणानें बाप्तिस्मा घेतला, आणि या वेळीं वादळ ब्राह्मणांच्या आळीवर आलें.

गोष्ट तेथेंच थांबती तर ती इतिहासाच्या एखाद्या टीपेंत जाऊन बसती. परंतु नारायणाचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघें बारा वर्षांच्या आसपास, हाही नेस्बिटसाहेबांच्या घरीं राहावयास गेला व त्यांच्या पंक्तीस जेवला. बापानें मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. मूल धर्माचा निर्णय आपल्या अकलेनें करूं शकतें काय, आणि तें करूं शकत असल्यास बापाचा ताबा संपतो काय, असा प्रश्न न्यायमूर्ति अर्स्किन पेरी यांच्यापुढें आला. न्यायमूर्तींनीं मुलगा बापाच्या हवालीं केला. पाद्री मंडळींस हा निकाल झोंबला; पण बारा वर्षांच्या मुलाचा ताबा आईबापांकडेच असावा, या तत्त्वाला आज कोणी शहाणा मनुष्य नांवें ठेवील असें वाटत नाहीं. शाळेला मूल सोंपविणें म्हणजे मूल देऊन टाकणें नव्हे, एवढी गोष्ट त्या निकालानें मुंबई इलाख्यांत पक्की केली.

बापास मुलगा मिळाला, पण जात मिळेना. ख्रिस्त्यांच्या हातचें अन्न खाल्लेल्या पोरास पंक्तीस कोण घेणार? येथें 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढें झाले. श्रीपतास प्रायश्चित्त देऊन ज्ञातींत परत घ्यावें यासाठीं त्यांनीं खटपट केली आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष आपल्या अंगावर घेतला. बाळशास्त्री १८४६ सालीं वारले. त्यांच्या अल्प आयुष्यांतील धैर्याच्या कृत्यांत या गोष्टीची गणना नेहमीं होते. गंमत अशी कीं, ज्या समाजानें मिशनच्या शाळेवर मुलें पळविल्याचा आरोप केला, त्याच समाजास परत आलेलें मूल घरांत घेणें जड जात होतें. दारें दोन्हीकडे होतीं, आणि श्रीपत दोहोंच्या मध्यें उभा होता.

नारायण शेषाद्रि पुढें उपदेशक झाले आणि १८६० नंतरच्या दशकांत जालन्यास येऊन त्यांनीं कामाचें ठाणें मांडलें. येथें त्यांचा लोकसंग्रह बदलला. मुंबईच्या शाळेंत ब्राह्मण, प्रभु, पारशी यांचीं मुलें इंग्रजीसाठीं येत. जालन्याच्या आसपासच्या खेड्यांत त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग व महार. हैद्राबादचे दिवाण सर सालार जंग यांच्या सरकारकडून त्यांनीं जालन्यानजीक जमीन मिळविली आणि तीवर ख्रिस्ती कुटुंबांचें एक नवें गांव वसविलें. त्यास त्यांनीं बायबलांतील 'बेथेल', म्हणजे देवाचें घर, असें नांव दिलें. प्रार्थनामंदिर, शाळा आणि शेती अशी त्या गांवाची मांडणी होती. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तेव्हां पागोटें घातलेले हे मराठी पाद्री तेथें भाषणास उभे राहिले व आपल्या जालन्याच्या कामाची हकीकत त्यांनीं अमेरिकेस सांगितली. १८९१ सालीं ते निवर्तले.

बेथेलच्या शाळेचें महत्त्व समजण्यास त्या काळच्या दुसऱ्या एका शाळेची आठवण करावी लागते. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें दाखल्यासाठीं अर्ज केला. त्यास घेतलें असतें तर बाकीचीं मुलें निघून जातील म्हणून मुंबई सरकारनें हस्तक्षेप करण्याचें नाकारलें. पुढें विलायतेंतील डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असें कळविलें खरें. परंतु कागदावरचें तत्त्व खालीं शाळेच्या ओसरीवर उतरण्यास फार वर्षें लागलीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून तीं मुलें सर्वांबरोबर बसवावींत असा हुकूम काढला तो १९१९ सालीं. मधल्या साठ वर्षांत मांग-महारांच्या मुलास पाटी कोठें मिळाली, याचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं 'मिशनच्या शाळेंत' असेंच द्यावें लागतें. निजामी मुलखांत तर ही अडचण दुहेरी होती. दरबारची भाषा १८८४ पर्यंत फारसी व त्यानंतर उर्दू. वरच्या शिक्षणाचें माध्यमही उर्दूच. मराठींत वाचावयास शिकविणारी शाळा ही मराठी गरिबास तेथें मोठीच सोय होती.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सोय फुकट नव्हती. तिची किंमत धर्म ही होती. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. परंतु जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्याच शाळेंत शिकले, आणि ख्रिस्ती न होतां त्यांनीं त्या शिक्षणाचें काय केलें हें सर्वविश्रुत आहे. शाळा काढणाऱ्याचा हेतु आणि शिकणाऱ्याचा उपयोग हे नेहमीं एकाच वाटेनें जात नाहींत.

कॅथलिक धर्मगुरु मराठवाड्यांत आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्रान्समधील ॲन्सी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे हे फादर. यांचें पहिलें ठाणें १८४६ पासून विशाखापट्टण, मग नागपूर, आणि तेथून औरंगाबादेकडील घोगरगांवासारखीं खेडीं. १९७७ सालीं औरंगाबादेस स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जालना त्यांत मोडतो. येथें बाल्टिमोरचा कायदा जशाचा तसा चालणें शक्यच नव्हतें. अमेरिकेंत धर्मग्राम अगोदर आणि शाळा मागून. मराठवाड्यांत पुष्कळदां शाळा अगोदर आणि धर्मग्राम मागून. पांचपन्नास ख्रिस्ती घरांसाठीं काढलेल्या शाळेंत चारशें मुलें बसतात, त्यांतील बहुतेक हिंदु, बौद्ध व मुसलमान, असा देखावा या भागांत नवलाचा नाहीं. कुंपणाआंतील मुलांहून बाहेरचीं मुलें अधिक झालीं, म्हणजे कुंपणाचें करावयाचें काय?

रोमनेंही कालांतरानें वळण बदललें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिक्षणाविषयीं जी घोषणा प्रसिद्ध केली, तींत कॅथलिक नसलेलीं मुलें ज्या शाळांत येतात त्या शाळांविषयीं, विशेषतः नव्या प्रदेशांतील शाळांविषयीं, जिव्हाळा व्यक्त केला आहे, आणि गरीब व निराधार मुलांकडे प्रथम पाहावें असें बजावलें आहे. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेंत बिनकॅथलिक शाळेंत जाण्यावरील जुनी मनाई उरली नाहीं. आईबापांनीं शक्य तेथें कॅथलिक शाळा पसंत करावी, एवढेंच राहिलें.

इकडे आपल्या देशांत राज्यघटना आली आणि दाखल्याचा प्रश्न पाद्र्यांच्या हातून न्यायमूर्तींच्या हातीं गेला. घटनेच्या ३० व्या कलमानें धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांस स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. २९ व्या कलमानें असें सांगितलें कीं, सरकारी मदत घेणाऱ्या शाळेनें केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणा नागरिकास दाखला नाकारूं नये. आणि २८ व्या कलमानें, मुलाच्या पालकाची संमति असल्यावांचून अशा शाळेंत त्यास धर्माचे पाठ वा प्रार्थना सक्तीची करतां येत नाहीं. श्रीपताच्या बापानें कोर्टांत जें मागितलें, तें शंभर वर्षांनंतर सर्व बापांस घटनेनें देऊन टाकलें.

हीं कलमें कशीं लागू पडतात याचा पहिला मोठा कस महाराष्ट्रांतच लागला. नाशिकजवळ देवळालीस बार्न्स हायस्कूल म्हणून ख्रिस्ती मंडळींची एक इंग्रजी शाळा आहे. मुंबई सरकारनें ६ जानेवारी १९५४ रोजीं हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीं अँग्लो-इंडियन व गैर-आशियाई यांखेरीज इतरांचीं मुलें नव्यानें घेऊं नयेत. प्रादेशिक भाषांचा पुरस्कार हा हेतु स्तुत्य होता. परंतु एका हिंदी ख्रिस्ती मुलीस व एका हिंदु मुलास शाळेनें या हुकमापायीं परत पाठविलें, आणि शाळा व पालक दोघेही कोर्टांत गेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. येथें मौज पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती शाळा परधर्मीय मुलास घेऊं इच्छिते, आणि सरकार म्हणतें घेऊं नको! अँग्लो-इंडियन शाळांस विशेष अनुदान देतांना घटनेनेंच ३३७ व्या कलमांत अशी अट घातली होती कीं, निदान शेंकडा ४० जागा इतर समाजांच्या मुलांसाठीं मोकळ्या ठेवाव्या.

मग स्वतःच्या मुलांस अग्रक्रम देतां येतो कीं नाहीं? येतो. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यांत १९९१ च्या डिसेंबरांत न्यायालयानें मदत घेणाऱ्या अल्पसंख्य संस्थेस निम्म्यापर्यंत जागा आपल्या समाजासाठीं ठेवण्याची मुभा दिली. २००२ सालीं अकरा न्यायमूर्तींच्या पीठानें हा निम्म्याचा ठाम आंकडा काढून टाकला व प्रमाण त्या त्या ठिकाणच्या गरजेनुसार असावें असें म्हटलें. २०१० च्या एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आला. त्यांत मदत न घेणाऱ्या खासगी शाळांनींही पहिल्या इयत्तेच्या चतुर्थांश जागा दुर्बळ घटकांच्या मुलांस द्याव्या, आणि दाखल्याच्या वेळीं मुलाची वा पालकांची परीक्षा घेऊं नये, देणगी मागूं नये, असें आहे. २०१४ सालीं न्यायालयानें अल्पसंख्यांच्या सर्वच शाळा या कायद्यांतून वगळल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजीं दोन न्यायमूर्तींच्या पीठानें या वगळण्याबद्दल शंका दर्शवून, तो मुद्दा मोठ्या पीठाकडे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांपुढें ठेवलें. ही शंका अनाठायीं नाहीं. गरिबांसाठीं जन्मलेल्या शाळांना गरिबांच्या कायद्यांतून सवलत मिळावी, हें ऐकावयास विचित्रच वाटतें.

प्रत्यक्ष व्यवहारांत धर्मग्रामाच्या शाळेचा क्रम साधारणपणें असा असतो: शाळेंत अगोदर असलेल्या मुलांचीं भावंडें, धर्मग्रामांतील कॅथलिक मुलें, इतर ख्रिस्ती, आणि नंतर बाकीचे सर्व. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें २००७ सालीं जें शिक्षणधोरण ठरविलें, त्यांत गरीब व दुर्लक्षितांस झुकतें माप आहे. २०२४ च्या तिच्या सूचनांत, इतर धर्मांच्या मुलांवर आपले आचार लादूं नयेत व रोजच्या परिपाठांत घटनेची उद्देशिका म्हणवावी, असेंही सांगितलें आहे. ख्रिस्ती मुलें धर्मशिक्षणाच्या तासाला बसतात, इतरांस त्या वेळीं नीतिशिक्षण असतें. ही व्यवस्था चांगली आहे. घसरते ती निराळ्याच जागीं. जालना आज बियाण्यांचें व पोलादाचें गांव आहे. पैसा आला, आणि पैशाबरोबर इंग्रजीची हांव आली. शाळा मराठी असतांना जिच्या ओसरीवर मांगवाड्यांतील मूल बिनदिक्कत येऊन बसे, तीच शाळा इंग्रजी माध्यमाची झाली कीं फीचा तक्ता लागतो. मग स्नानसंस्काराच्या चिठीनें जो अडत नाहीं तो फीच्या पावतीनें अडतो. सुशिक्षित शहरी पालक 'कॉन्व्हेंट'च्या रांगेंत पहांटेपासून उभा राहतो तेव्हां तो कोणाच्या जागेवर उभा आहे, याचा विचार त्याच्या मनांत क्वचित् येत असेल.

आणि ज्याच्यासाठीं बेथेलसारखीं गांवें वसलीं, त्या ख्रिस्ती झालेल्या मांग-महाराच्या नातवाची अडचण तर आणखीच वेगळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाला. ख्रिस्त्यांस तो दिला गेला नाहीं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरांत 'धर्म व जात' असा एक रकाना असतो. त्यांत 'ख्रिस्ती' असें लिहविलें तर धर्मग्रामाच्या शाळेंत जागा आधीं मिळते, पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ति व पुढील राखीव जागा जातात. जुनी जात लिहविली तर शिष्यवृत्ति राहते, पण रविवारीं देवळांत ज्याच्याशेजारीं बसावयाचें त्याच फादरपुढें सोमवारीं शाळेच्या कचेरींत दुसरें कांहीं सांगावें लागतें. म्हणून पुष्कळ बाप पिशवींतील कागदांपैकीं कोणता वर काढावा याचा घोळ घालीत टेबलापाशीं उभे राहतात. हेडमास्तर सांगितलेलें लिहून घेतात. आणि एकदां लिहिलेला रकाना मागाहून बदलावयाचा तर शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणावी लागते.